चुरगळलेलं केंद्रक

प्रॅक्टिकलला आजारी पेशीची स्लाइड होती. केंद्रकाच्या आतल्या पडद्यातली प्रथिनं गुणसूत्रांचे धागे कडेला धरून ठेवतात, केंद्रकाचा आकार सांभाळतात. इथे तीच बिघडलेली, म्हणून केंद्रक चुरगळलेल्या ओल्या पिशवीसारखं दिसत होतं. किळस येऊन मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

मग मुलींची जर्नल्स तपासून सह्या केल्या. सगळ्यांत बांगडी ठेवून गिरवलेलं गुळगुळीत, गोल केंद्रक. शेवटी मनाली आली. तिने दिसलं तसं, वेडंवाकडं काढलं होतं.

"मॅडम, पुसून गोल काढू का? परीक्षकांना गोलच लागतं ना."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. मागच्या वर्षी."

त्या पेशीची किळस आता येत नव्हती. टेबलावरच्या जर्नल्सकडे मात्र बघवेना. प्रत्येक गोलाखाली माझी सही होती.