जनीचं नवं

नवा तांदूळ घरात आला की तुमच्याकडे पहिला घास कुणाला जातो? देवाला, म्हणाल. पनवेलकडच्या कोन गावाजवळच्या कातकरवाडीत जनीच्या घरी तो मेलेल्या वाडवडलांना जातो. त्याआधी नव्याचा दाणा कुणी तोंडात घालत नाही.

जनीला वीतभर जमीन नाही. वीस वर्षं ती कोनच्या दाजींचं भात कापायची. कापणीच्या पहिल्या दिवशी दाजी बांधावरच तिला एक पेंढी द्यायचे. ती झोडून, कांडून जनी नवं करायची. ब्याण्णव साली दाजींनी शेत विकलं. कापणी नाही, पेंढी नाही. चार दिवसांनी वीटभट्टीचा ट्रक येणार होता, मग पावसापर्यंत सगळी वाडी भट्टीवर. नवं न करता गेलो तर मेलेली म्हातारी माणसं उपाशी राहतील, हाच तिला घोर.

मी तेव्हा वाडीत संघटनेचं काम करायचो, मोर्चे काढायचो. तिचं ऐकून माझं डोकं फिरलं. तडक पनवेलच्या बाजारात गेलो आणि किलोभर नवा तांदूळ आणून तिच्यापुढे ठेवला.

"कुनी कापला?" तिनं विचारलं.

"दुकानातून आणलाय."

"मंग दुकानदाराच्या बापाला वाढ."

तिचा नवरा काळू खो खो हसला. "भाऊ, तुमी मोर्चाच काढा!"

"मग ठेवा त्यांना उपाशी!" मी बोलून गेलो. लगेच लाज वाटली.

जनी चिडली नाही. चुलीत काटक्या सारत म्हणाली, "शेतं नव्हती तवा आमचं म्हातारं काय खात व्हतं? डोंगरातलं कडूकांदं. आपल्या हातानं खनलेलं."

सकाळी पहार घेऊन ती टेकडी चढली. खणून आणलेल्या कडूकांद्याच्या कंदांच्या चकत्या राख घालून उकडल्या, कडूपणा जावा म्हणून दोन दिवस टोपलीत ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पळसाच्या पानावर वाढून एकेकाचं नाव घेतलं. "खावा. यंदा ह्येच हाय. आदीबी ह्येच व्हतं."

मग एक पान माझ्यापुढे आलं. थोडे कडवटच होते. मी पान पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी ती निर्धास्त ट्रकमध्ये चढली.

त्या टेकडीला आता तारेचं कुंपण पडतंय. तिथं प्लॉट घेतलेल्यांनो, हातात पहार घेतलेली बाई दिसली तर वॉचमनला सांगा, हटकू नको. तिला खणू द्या.