रेघेच्या अलीकडची आर्डिस

आर्डिस ट्याडन चार वर्षं हायस्कूलच्या संघातून बास्केटबॉल खेळली आणि एकदाही तिने चेंडू बास्केटकडे फेकला नाही. यात तिचा आळस नव्हता. त्या काळी आयोवात मुलींचा खेळ सहा जणींचा असे. तिघी फॉरवर्ड, तिघी गार्ड, आणि मैदानाच्या मधोमध एक रेघ. फॉरवर्डनी पलीकडे राहून गुण करायचे, गार्डनी अलीकडे राहून समोरच्यांना करू द्यायचे नाहीत. रेघ कुणी ओलांडायची नाही. चेंडू पलीकडे गेला की गार्डनी रेघेपाशी कमरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि बाकीच्या गावासारखाच सामना बघायचा, फक्त बिनतिकिटाचा.

तिची धाकटी बहीण लव्हॉन फॉरवर्ड. त्यामुळे पेपरात फोटो लव्हॉनचा, चर्चबाहेर हात मिळवायला गर्दी लव्हॉनभोवती. आर्डिसचं नाव छापून यायचं ते फाउल झाला तर. "तुला बघून समोरच्या पोरींना घाम फुटतो," बाप म्हणायचा. डुकरं पाळणारा माणूस तो. त्याच्याकडून एवढं कौतुक म्हणजे डोक्यावरून पाणी.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये त्यांच्या गावच्या, लूथर ग्रोव्हच्या मुली राज्याच्या अंतिम सामन्यात पोचल्या. वस्ती चारशे बारा, शाळेत मुली एकोणतीस. गाव झाडून राजधानीला, डी मॉइनला गेलं. चोर आला असता तर त्याला चुकलेला रस्ता सांगायलाही कुणी उरलं नव्हतं.

उपांत्य सामन्यात लव्हॉनचा घोटा मुरगळला होता. हॉटेलच्या खोलीत ती बर्फाच्या बादलीत पाय बुडवून बसली होती.

"कोचला सांगितलंस तर बघ."

"अगं, भोपळा झालाय पायाचा."

"मोजा चढवला की कोण बघतंय."

"आणि पडलीस तर?"

"तू कशाला पंचाईत करतेस? तू तुझ्या तिघींना आवर."

सांगावं तर गावाची अख्ख्या जन्मातली एकच संधी जाणार, न सांगावं तर बहिणीचा पाय. आर्डिसने तिसरा मार्ग काढला, म्हणजे काहीच केलं नाही.

सामन्यात तिने आपलं काम चोख केलं. तिच्या वाट्याच्या पोरीला पूर्ण खेळात सहाच गुण मिळू दिले. पण शेवटचे नऊ सेकंद उरले तेव्हा गुण होते चौपन्न-पंचावन्न, एक कमी, आणि चेंडू पलीकडे. म्हणजे आता आर्डिसच्या हातात काही नव्हतं. पायाची बोटं रेघेला लावून ती उभी राहिली.

चेंडू लव्हॉनकडे आला. तिने दोनदा आपटला, त्याहून जास्त आपटायला परवानगीच नव्हती, आणि वळली. घोटा वळला नाही. ती कोसळली. पडता पडता तिच्या हातून सुटलेला चेंडू बरोबर दुसऱ्या फॉरवर्डच्या, डोरीनच्या ओंजळीत गेला, आणि डोरीन बास्केटखाली एकटी. हे सगळं आर्डिसला दिसलं. पण त्याच क्षणी तिला लव्हॉनची किंकाळी ऐकू आली, आणि मेंदूला विचारायच्या आधी पाय निघाला होता.

शिट्टी वाजली. पाठोपाठ डोरीनचा चेंडू आत पडला. लूथर ग्रोव्हचे लोक बाकांवर चढून नाचू लागले. पंच मात्र बास्केटकडे बघत नव्हता. तो आर्डिसच्या बुटाकडे बोट दाखवत होता, रेघेच्या दोन हात पलीकडे.

दुसऱ्या दिवशी, हरले तरी रीत म्हणून, काउंटीच्या हद्दीवर गाड्यांची रांग आणि अग्निशमनाची गाडी स्वागताला आलीच. चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच होते, तीन रंगांची जेली होती. आर्डिसला कुणी चकार शब्द बोललं नाही. तिथली माणसं अशीच. बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

पुढे एकतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. दहा-बारा वर्षांनी लोकांना थट्टा करण्याइतकं बरं वाटू लागलं. पेट्रोल पंपावरचा मर्ल तिची गाडी लागली की हमखास म्हणायचा, "आर्डिस, रेघेच्या आत हां."

"मर्ल, तुझ्या बायकोनंही एकदाच चूक केली, आणि अजून तुझ्याबरोबर नांदतेय."

लव्हॉनचा घोटा पुन्हा खेळण्याजोगा झालाच नाही. लग्न करून ती चार मैलांवर राहायला गेली. दर रविवारी दोघी चर्चमध्ये एकाच बाकावर बसायच्या, एकमेकींच्या मुलांना वाढवायच्या, मक्याच्या भावापासून पित्ताच्या खड्यांपर्यंत सगळं बोलायच्या. त्या नऊ सेकंदांबद्दल तेवढं नाही.

त्र्याण्णव साली सहा जणींचा खेळ कायमचा बंद झाला. निरोपाच्या कार्यक्रमाला जुन्या खेळाडूंना बोलावून एकेक पुस्तिका दिली, त्यात प्रत्येक वर्षाचा अंतिम सामना, विजेते, उपविजेते. परतताना आर्डिस गाडी चालवत होती, लव्हॉन चष्मा लावून वाचत होती.

"पंचावन्न-चौपन्न लिहिलंय."

"तेवढेच होते."

"डोरीनचा आत गेला होता ना? मी खाली पडलेली, मला दिसलंच नाही."

"गेला होता. कड्याला लागलासुद्धा नाही."

दोन्ही बाजूंनी नुसती नांगरलेली शेतं सरकत होती. मग लव्हॉनने पस्तीस वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं.

"तू आलीस कशाला गं?"

आर्डिसकडे या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. भांडी घासताना, पीठ मळताना ते तिने हजारदा घोकलं होतं.

"तू किंचाळलीस म्हणून."

लव्हॉनने चष्मा काढला आणि तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. खरंच कोड्यात पडल्यासारखं.

"मी? मी ओरडले नव्हते. दात आवळून धरले होते मी. कोचला कळू नये म्हणून."

"मला ऐकू आलं, लव्हॉन."

"अगं, नाही ओरडले."

आता विचारणार तरी कुणाला? कोच केव्हाच गेले होते. मेंदूच्या झटक्यानंतर डोरीनला स्वतःचं नावही आठवत नव्हतं. पुढे ट्रॅक्टर चालला होता, त्याच्यामागे तिने गाडीचा वेग कमी केला.

लव्हॉनने चष्मा पुन्हा लावला, पान उलटलं, आणि एकोणसाठ साली कोण जिंकलं ते मोठ्याने वाचायला लागली.