हाकेनंतरची शांतता

देव ऐकतो, यावर माझा विश्वास उरला नव्हता. लातूरच्या क्लासमध्ये दोन वर्षं काढूनही मेडिकलला नंबर लागला नाही, तेव्हा अण्णा, माझे वडील, एवढंच म्हणाले, "दत्ता असता तर लागला असता." दत्ता माझा मोठा भाऊ. भूकंपात गेला. औशाकडच्या आमच्या गावात त्या दिवशी अण्णा पडलेल्या घरावर उभे राहून त्यालाच हाका मारत होते. ढिगाऱ्याखालून ओ दिली ती मी, पाच वर्षांची. तेव्हापासून मी जणू त्याच्याच जागेवर जगत आले.

मग लातूरलाच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि भीतभीतच कॉलेजच्या समूहगानात गेले. सरांनी भूकंपाच्या स्मृतिदिनासाठी नवी रचना बांधली होती. पेटी नाही, तबला नाही, नुसते चार थरांतले आवाज. वरच्या आवाजाच्या मुली हाक देत, "आत कोण हाय का?" मग सगळे गप्प. ढिगारा उपसताना आतला आवाज ऐकू यावा म्हणून लोक फावडी थांबवत, तशी ती शांतता. त्यानंतर आम्ही खालच्या आवाजाच्या मुलींनी एकच सूर खूप वेळ धरायचा. तेवढा दम कुणालाच नसतो. म्हणून शेजारच्या दोघींनी आळीपाळीनं श्वास घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. मला ते जमेना. शेजारच्याला मागं टाकायचं, एवढंच क्लासमध्ये शिकले होते. मी एकटीच शेवटपर्यंत रेटायची आणि खोकत बसायची.

कार्यक्रम भूकंपानंतर वसवलेल्या आमच्याच नव्या गावात, शाळेच्या पटांगणात होता. हाक झाली. शांतता पसरली. आणि पुढं बसलेले अण्णा उभे राहून ओरडले, "दत्ता!"

एका म्हातारीनं त्यांचं धोतर ओढलं. "बस की रं, गाणं हाय ते."

समोर मी उभी होते, आणि हाक पुन्हा त्यालाच. मी सूर लावलाच नाही. तरी सूर उठला, भरत गेला, कुठंच तुटला नाही. माझा आवाज त्यात नव्हता. कुणीतरी पाठीला हात लावून उभं आहे असं वाटलं आणि मी रडत राहिले. नंतर शेजारच्या रुक्सानाचे आभार मानायला गेले, तर ती चकित. "मी कुठं गात होते? तुझ्या अण्णाला बघून मलाच रडू आलं. मला वाटलं, तू धरलास."

बाकीच्या मुलींनी धरला असेल. मी विचारत बसले नाही.

अण्णा लिंबाखाली बसले होते. मी जवळ गेले तसे म्हणाले, "तवा तू ओ दिलीस माय, कळलं होतं मला. तरीबी मी पुढं सरकून त्यालाच बोलवत राहिलो. तुला लोकांनी काढलं."

मला त्यांना माफ करता आलं नाही. आजही पुरतं आलेलं नाही. पण सगळं आपल्याच दमावर पेलायचं नसतं, एवढं मी त्या दिवशी मानलं. जे मला पेललं नाही ते ज्यानं पेललं, देव असो की माणूस, त्याला मनातच नमस्कार केला आणि अण्णांच्या शेजारी नुसती बसून राहिले.