सेहेचाळिसावं कोडं

आनंदराज नांदेडच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झाले, त्याला आता नऊ वर्षं झाली. पत्नी सरजाबाई गेल्यावर घरात ते एकटेच उरले. मुलगी मनिषा हैदराबादला नोकरीला. दिवाळीला आली तेव्हा तिनं आपला जुना लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. "बाबा, यात बुद्धिबळाचं हाय. बघत बसा."

त्यांच्याकडं शंभर वर्षांपूर्वीच्या कोड्यांचं एक पुस्तक होतं. पटावर फक्त दोन राजे आणि थोडी प्यादी, आणि पांढऱ्यानं जिंकून दाखवायचं. अशा कोड्याला जिंकण्याची एकच वाट असावी लागते. दुसरी निघाली की कोडं बाद. मोहरे सातपर्यंत असले तर संगणकाला अचूक उत्तर ठाऊक असतं. आनंदराज रोज सकाळी चहा झाला की एक कोडं लॅपटॉपवर मांडत. बहुतेक कोडी खरी निघत.

सेहेचाळिसाव्याला मात्र संगणकानं दोन चाली दाखवल्या. पुस्तकातला राजा पुढं जाऊन जिंकत होता. एक घर मागं घेतला तरी जिंकतच होता.

आनंदराज खुर्चीला टेकून बसून राहिले. हेच तर लातूरचे व्यंकटराव म्हणाले होते. व्यंकटराव गणिताचे मास्तर. वीस वर्षं दोघं पोस्टकार्डावर चाली धाडून डाव खेळले. या कोड्यावर मास्तरांनी बोट ठेवलं, तेव्हा आनंदराजांनी उलट लिहिलं होतं, 'शंभर वर्षांत कुणाला दिसलं नाही, ते तुम्हाला लातुरात बसून दिसलं?' त्यानंतर कार्ड आलं नाही. यांनीही धाडलं नाही. अकरा वर्षं.

दुसऱ्या दिवशी ते लातूरच्या बसमध्ये बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. माफीची वाक्यं मनात जुळवून झाली, मोडून झाली.

दार मास्तरांची सून दामिनी हिनं उघडलं. व्यंकटराव आतून आले ते हसतच. "अरे आनंदराज! या की, लई दिवसानं!"

"सर, तुमचं बरोबर होतं," पाणी घ्यायच्या आधीच आनंदराज बोलले. "राजा मागं घेतला तरी जिंकतो. संगणकानं दाखवलं."

"कुठला राजा?"

"ते कोडं. त्याच्यावरनंच तर आपलं बोलणं तुटलं."

व्यंकटराव आठवू लागले. काही सापडलं नाही. "बोलणं कधी तुटलं हो आपलं? मला वाटलं, तुम्ही तुमच्या व्यापात. मी तर पटच सोडला. आता शेताकडं बघून राहिलो. जेवून जायचं बरं का."

आनंदराज जेवले. सोयाबीनचं, पावसाचं बोलणं झालं. "एक डाव मांडायचा का?" असं त्यांनी एकदा विचारून पाहिलं. "न्हाई हो, आता डोकं चालत न्हाई," म्हणत मास्तरांनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ते एकच हिशेब करत राहिले: अकरा वर्षं ते भांडण आपण एकट्यानंच सांभाळलं. आपल्यावर रागावलेलं का होईना, एक माणूस लातुरात आहे, असं वाटायचं. तेही नव्हतं.

घरी येऊन त्यांनी पुस्तक उघडलं आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'दुसरी वाट आहे. शोधली: व्यंकटराव, लातूर.' मग सत्तेचाळिसावं मांडलं. ते खरं निघालं. त्याच्या पुढचंही.