आबांचं लिफ्टमधलं वजन

माझे सासरे, आबा, कवठे येमाईचं शेत सोडून आमच्या शिक्रापूरच्या फ्लॅटवर आले ते गुडघ्यापायी. वजन बरंच उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यंदाची कांद्याची लागण बांधावर खुर्ची टाकून नव्हे, वाफ्यांतून हिंडत करून घ्यायची, एवढं एकच आबांनी मनात धरलं होतं. त्यासाठी भाकरी कमी करायची मात्र त्यांची तयारी नव्हती. शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार रोज पडतच होती.

मी वजनकाटा आणला. आबांच्या मते आमच्या फरशीलाच उतार होता. सपाट जागा शोधत ते काटा घेऊन घरभर फिरले आणि शेवटी लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट खाली निघाली तसा काटा घसरला. मी रांजणगावला कंपनीत होते, तिथं फोन करून त्यांनी वजन उतरल्याची बातमी दिली.

तेव्हापासून लिफ्टचा दवाखाना झाला. आबा काठी टेकून काट्यावर उभे आणि मी फोटो काढायला त्यांच्या पायाशी उकिडवी. लिफ्ट तळाला थांबताना काटा उसळून वर जायचा, पण आबा त्याआधीच काट्यावरून उतरलेले असायचे. त्या वेळी तो खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

माझं डोकं फिरलं. दिवसभर कंपनीत मापंच तपासायची आणि घरी येऊन हे! मी सुनावलं की अंगात जेवढा ऐवज भरलाय ते वस्तुमान, ते लिफ्टमध्ये काय नि चंद्रावर काय, तेवढंच राहतं. वजन म्हणजे नुसता काट्यावर पडणारा भार. चंद्रावर तो सहाव्या हिश्श्यावर येईल, पण आबा आहेत तेवढेच राहतील.

आबांनी विचार केला. "मंग चंद्रावर गुडघा दुखंल का?"

कमी दुखेल, असं मला कबूल करावं लागलं.

"मंग कांदं तिथंच लावू," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी फोटो पाहिले आणि आबांना आपल्या काट्यावर उभं केलं. तिथली जमीन काही हलली नाही. वजन उलट वाढलं होतं. ऑपरेशन लांबलं, म्हणजे यंदाची लागण आबांविनाच होणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीची बस गाठायला निघाले, तर आबा लिफ्टमध्ये हजर. काटा घरीच होता. आता काय राहिलंय, म्हणून मी चिडलेच. लिफ्ट सुटली. आबांनी काठी उचलून काखेत धरली आणि एक पाऊल टाकलं.

"लिफ्ट खाली सुटती ना, तेवढी घडीभर दुखत न्हाई, पोरी," ते म्हणाले. "नुसता फोटूसाठी न्हवतो यीत मी."

लिफ्ट थांबली. आबांनी ओठ आवळून काठी टेकली. बाहेर बसवाला हॉर्न देत होता. मी सगळ्यात वरच्या मजल्याचं बटण दाबलं.