भातात उभा चमचा

हादोंग गावाहून सून होऊन आली, म्हणून सगळे तिला हादोंगवालीच म्हणत. जोमसुन हे तिचं नाव नवऱ्याला तरी आठवत होतं की नाही, कोण जाणे. लग्नात ती सतरा वर्षांची आणि नवरा, प्यो इन-सोप, बारा. रीतच होती तशी. त्याचं नाक पुसलं तिनं, पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडला तोही तिनंच. मग पोराला मिसरूड फुटली, जरा कुठे तो बायकोकडे बघायला लागला, तोच जपानी राजवटीविरुद्ध स्वातंत्र्याच्या घोषणा देत तुरुंगात गेला. सुटला तो परस्पर शांघायला, तिथल्या क्रांतिकारकांत.

त्याच्या शोधात जपानी शिपाई येऊन घर उसकटून जायचे. पत्र नाही, निरोप नाही. मग एकदा कुणीतरी बातमी आणली, मेला म्हणून. तारीख ठाऊक नव्हती, तेव्हा सासूनं रीतीप्रमाणे नवव्या महिन्याची नवमी धरली. सासू गेल्यावरही जोमसुननं ती तिथी चुकवली नाही. वाळवलेली बोरं, सुका मासा, तांदळाची दारू मांडायची आणि भाताच्या वाडग्यात चमचा उभा खोचायची. जिवंत माणसाच्या भातात चमचा कुणी उभा करत नाही, तो मेलेल्यांचा मान. मग ती त्याच्याशी बोलत बसायची, दोन शिव्या हासडायची आणि शेवटी तो भात स्वतःच खायची. खरं सांगायचं तर तिनं संसार केला तो एवढाच, आणि त्यात ती सुखी होती.

जपान हरला आणि मेलेला नवरा वर्तमानपत्रात निघाला. फोटोत मधोमध तो, शेजारी आखूड केसांची बाई, त्याची तिकडची बायको मे-रयॉन. तिनं म्हणे कोटाच्या अस्तरात पत्रकं शिवून सरहद्द ओलांडली होती. “वाघीण आहे वाघीण!” गावात जो तो म्हणे आणि जोमसुनच्या अंगाचा तिळपापड होई. देशासाठी तो गेला हे तिनं कधीच पचवलं होतं. देशाशी भांडणार कोण? पण देश काही फोटोत खांद्याला खांदा लावून उभा राहत नाही.

तीन वर्षांनी इन-सोप मंत्री झाला आणि आईवडिलांच्या थडग्यांना नमस्कार करायला गावी यायचं ठरलं. नेमकं नवमीलाच. आदल्या दिवशी गावप्रमुख खाकरत दारात आला.

“वहिनी, बातमीदार येणारेत. तुम्ही आपल्या साहेबांची थोरली बहीण म्हणून उभ्या राहा. वयानंही शोभतंय.”

“हे डोकं तुमचं, की त्याचं?”

“साहेबांचाच निरोप आहे हो.”

“बरंय. नाक पुसलंय मी त्याचं. बहिणीत खपून जाईल.”

तो हसला. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर मे-रयॉन दिसली. जोमसुनला वाटलं होतं, बाई देखणी असेल. नव्हती. त्यानं तर जास्तच झोंबलं. बाईनं न विचारता इन-सोपच्या गार पाण्यात गरम पाणी ओतलं. त्याचं पोट नाजूक झालंय, हे जोमसुनला ठाऊकच नव्हतं. ती नुसती जळत उभी राहिली.

“ही माझी थोरली बहीण,” इन-सोप बातमीदारांना म्हणाला. “आईचं सगळं हिनंच केलं.”

जोमसुन आत गेली, जेवणाचं बुटकं मेज उचलून आणलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. वाडग्यात पांढरा वाफाळता भात होता आणि भातात चमचा उभा.

इन-सोपचा चेहरा पांढराफटक पडला. मे-रयॉनला बरोबर कळलं, तिनं चमचा उपसायला हात पुढे केला. जोमसुननं तिचं मनगट धरलं.

“राहू दे. आज माझ्या नवऱ्याची तिथी आहे. जिवंत तो तू घे. हा माझा आहे.”

फोटो कुणी काढला नाही. मे-रयॉननं इन-सोपला धरून गाडीकडे नेलं. धूळ खाली बसल्यावर जोमसुननं चमचा उपसला आणि तो गार झालेला भात, दरवर्षी खायची तसा, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.