तुराट्यांच्या कुडाचा दिवा

खरं सांगू? मले अजूनही त्याचा राग येते, अन् त्याच्यापेक्षा जास्त माझा येते.

राळेगावजवळ आमच्या घरी रांधायच्या खोलीले विटांची भिंत नाही, कुड आहे. तूर निघाली की वाळल्या तुराट्या उभ्या बांधायच्या, झाला कुड. सकाळचं ऊन त्यातून पिठाच्या परातीवर पट्ट्यापट्ट्यानं पडते. त्याचा दिवा करावा हे नागपूरले काचकाम शिकल्यावर सुचलं. जुन्या खिडक्यांच्या काचा आणल्या, पट्ट्या कापल्या, घासून धुरकट केल्या, तांब्याच्या तारेनं गोल बांधल्या, मधात बल्ब. लावून पाह्यला तर तुरुंगाचे गज! तीनदा तसंच झालं.

मग एक दिवस आई कुड बांधून राह्यली होती. म्हटलं, "माय, ही काडी उलटी लागली." खेकसली माझ्यावर. "एकीचा जाडा बुडखा खाली, दुसरीचा वर, तसंच बांधतात. सारे बुडखे खालीच घेतले तर वरून आवळन ना कुड! काय शिकून आली वं तू?"

त्याच दिवशी मी पट्ट्या निमुळत्या कापल्या, एक सुलटी, एक उलटी. दिवा लावला अन् आमच्या घरचं ऊन भिंतीवर पडलं. मी रडलीच.

माझ्यासंगं काचकाम शिकलेला एक जण होता, वणीचा. माझा मानलेला भाऊ, दर वर्षी राखी बांधो मी त्याले. त्यानं दिवा पाह्यला, ठेचा-भाकर खाल्ली अन् म्हणे, "ताई, नमुना म्हणून नेतो. चार जणाईले दाखवतो." मी दिवा देल्ला, वरून कागदाचे साचेही देल्ले. भावाजवळून कोणी लिहून घेते का?

मग त्याचा फोन आला, यवतमाळले प्रदर्शन आहे, ये. मले वाटलं, माझा दिवा मांडला असन. नवं लुगडं नेसून गेली.

माझ्याच साच्यावरून केलेले दिवे ओळीनं टांगले होते. बाजूले त्याचा मोठा फोटो, खाली लिहिलं होतं, 'माझ्या आजीच्या घरचा कुड.' अरे, तुझ्या आजीचं घर खाणीच्या कॉलनीत, पक्क्या विटांचं! मी जेवली आहे तिथं!

"हे काय रे?" म्हटलं, तर हळूच म्हणे, "ताई, आजचा दिवस सांभाळून घे, मग बोलू. दोन दिव्यांच्या तारा सुटल्या, तेवढ्या बांध." त्यासाठी बोलावलं होतं मले. अन् मी मूर्ख, खाली बसून बांधाले लागली. चारचौघात भावाची फजिती कायले करू म्हटलं.

तेवढ्यात एक बाई आल्या, शहरातल्या दिसत होत्या. त्याले विचारलं, "एक पट्टी सरळ आणि एक उलटी, असं का हो?"

त्याले कुठं माहीत! त्यानं माझ्याकडं पाह्यलं, अन् माझ्या तोंडून सारं निघालं. बुडखा, शेंडा, आवळणारा कुड, सारं. मले वाटलं, आता तरी समजन हिले दिवा कोणाचा आहे.

बाई खूश झाल्या. मले नाही, त्याले म्हणाल्या, "वा! तुमच्या कामाच्या बाईलासुद्धा तुमच्या आजीची गोष्ट तोंडपाठ आहे."

अन् तो हासून "हो" म्हणाला.